मिठूची वाट

पाहुण्यांची गाडी वळणावर दिसली, तेव्हा लहूने भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर उतरवली आणि कोटांच्या कपाटात, तोंड आत करून, ठेवली. नागपूर सोडून परदेशी येताना कमलाच्या आईने ती लुगड्यात गुंडाळून दिली होती. कमला स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होती. ती चहाकडे वळली.

पडद्याच्या दांडीवर मिठू ऊन खात होता. त्यांच्या मुलीचा, उपासनाचा कॅमेलिऑन, कमलाच्या लेखी सरडाच. दोन वर्षांपूर्वी आणला तेव्हा सोबत जाळीचा पिंजराही आला होता. आठवड्याभरात लहूनेच तो गॅरेजमध्ये नेऊन टाकला. आपल्या घरात कुणी कोंडून राहायचं नाही, म्हणाला. तेव्हापासून कुंडीतलं झाड, पडदा, दांडी आणि दांडीवरून तसबिरीची चौकट, ही मिठूची रोजची वाट. तिथल्या दिव्याची ऊब त्याला आवडायची.

इथल्या मराठी मंडळाचे श्रीरामकाका आणि सुलभाकाकू आत आले. लहूला कमिटीत घ्यायचं घाटत होतं. काकांनी गाव विचारलं, कॉलेज विचारलं. आडनावावरून काही उमगेना, म्हणून आजोळही विचारलं. लहू हसून गुळमुळीत उत्तरं देत राहिला.

तेवढ्यात मिठू दांडीच्या टोकाशी आला. त्याने एक पाय पुढे टाकला. पुढे काही नव्हतं. पाय तसाच हवेत धरून तो हलके हलके झुलत राहिला. समोर नुसता खिळा, आणि त्याखाली भिंतीचा न विटलेला चौकोन.

"हा काय शोधतोय रे?" काका हसले. "काही होतं का इथे?"

"घड्याळ होतं, काका. रिपेअरला दिलंय."

नऊ वर्षांची उपासना बापाकडे बघतच राहिली. कमलाने अर्धे प्यालेले कप उचलले.

पाहुणे गेल्यावर तसबीर जागेवर आली. काच पुसताना लहूने नजर वर केली नाही.

पुढच्या शनिवारी, लहूला घेतल्यानंतरची कमिटीची पहिली मीटिंग त्यांच्याच घरी होती. खुर्च्या काढायला लहू गॅरेजमध्ये गेला, तर उपासना जुन्या टॉवेलने पिंजऱ्याची जाळी पुसत होती. मिठू आत एका कोपऱ्यात, काळवंडून बसलेला.

"हे कशाला गं?"

"तो परत तिथे जाईल ना, बाबा. मग सगळ्यांना कळेल."

पडून पडून कडी गंजली होती. तिच्या बोटांना ती लागेना. तिने पिंजरा उचलून त्याच्यापुढे धरला.

"तू लावून देशील?"