सपाट रेषा

“सर, वरचं पाणी तापल्यावर तो जीव खाली गेला असेल तर?”

एके काळची विद्यार्थिनी, आता त्याच संस्थेत संगणकावर समुद्राची मॉडेले रचणारी, हे सकाळपासून निरनिराळ्या शब्दांत विचारत होती. सरांनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला नाही. ओल्या कुंचल्याच्या टोकाने त्यांनी वाळूच्या कणाएवढे एक कवच उचलले आणि काचेच्या बशीत ठेवले.

“खाली जायला तो काय जिना उतरतो?”

“चटके बसले आणि खायलाही मिळेना, की कोणीही उतरेल, सर.”

समुद्रात तरंगत जगणारा हा प्लवक मेला, की त्याचे कवच तळाच्या गाळात जाऊन बसते. ते घडताना भोवतीचे पाणी किती उष्ण होते, याची खूण कवचाच्या रसायनात टिकते. हा जीव पृष्ठभागालगतच राहतो, असे धरून सरांनी आयुष्यभराच्या मोजमापांतून एक आलेख सिद्ध केला होता. त्याची रेषा जवळजवळ सपाट होती. सारे जग तापले त्या प्राचीन काळातही हा समुद्र शीतल राहिला, हे त्यांचे प्रतिपादन. त्यापायी त्यांनी भल्याभल्यांशी वाद घातले होते, आणि बहुतेक जिंकलेही होते. तिच्या मॉडेलात मात्र तो जीव अन्न आणि सोसवेल असे पाणी शोधत फिरे. वर तापले की तो खोल सरके, आणि कवचात खालचा गारवा तेवढा उतरे.

“शोधनिबंध आज पाठवायचाय,” ती म्हणाली. “मोजमापं तुमची आहेत. तुम्ही नको म्हणालात, तर मी थांबते.”

“तुझं मॉडेल ही कल्पना आहे. ही कवचं मी हातानं वेचलीत. यातला एक आकडा चुकीचा दाखव!”

“एकही चुकीचा नाही, सर. ते आकडे कुठल्या पाण्याचे, एवढंच विचारतेय.”

सरांनी कुंचला पुसला, सूक्ष्मदर्शकावर झाकण घातले आणि “कळवतो” म्हणून ते बाहेर पडले.

घरात शिरताच बूट काढता काढता त्यांनी सुरुवात केली. “ऐकलंस का? कालची पोर मला शिकवतेय. गृहीतक म्हणे तपासा!” मुद्द्यामागून मुद्दा मांडत ते आपल्या खुर्चीत बसले. पलीकडची पत्नीची खुर्ची रिकामी होती. त्यांच्या खुर्चीची गादी बसून बसून खोल गेली होती. तिच्या खुर्चीची दुकानातून आणल्यासारखी फुगलेली होती. ‘आमच्या घरात कधी आवाज चढला नाही,’ असे ते चारचौघांत अभिमानाने सांगत.

ते उठून मागे गेले. कपडे वाळत घालायच्या अरुंद खोलीत, खिडकीखाली, पत्नी स्टुलावर बसून उशीच्या अभ्र्याला टाके घालत होती. शेजारी चष्म्याचे घर, पाण्याचा तांब्या आणि हळू लावलेला रेडिओ.

“इथे कशाला बसलीस?”

“बरं वाटतं इथे.”

“कधीपासून?”

“अहो, तुम्ही घरात भाषणं करायला लागलात तेव्हापासून. आधी स्वयंपाकघरात बसायचे. पण तिथेही ऐकू यायचं.” ती हसली, त्या हसण्यात तक्रार नव्हती.

“मग मला सांगायचं नाही?”

“सांगून काय? तुम्ही खोडून काढलं असतंत.”

सर दारात उभे राहिले. मग बैठकीत जाऊन त्यांनी फोन लावला.

“पाठव तो निबंध.”

“सर, तुमचे आक्षेप शेवटी टीप म्हणून घालू का?”

“नको. आकडे तेवढे नीट ताडून घे.”

फोन ठेवून त्यांनी आपली खुर्ची उचलली आणि मागे नेली. ती दारातून आत जाईना. त्यांनी ती आडवी केली, तिरपी केली.

“राहू द्या, भिंत खरवडेल,” पत्नी म्हणाली.

तेव्हा उंबऱ्याबाहेरच खुर्ची टेकवून ते बसले. आता हे बोलणार, म्हणून तिने सवयीने रेडिओ बंद केला आणि सुई हातात तशीच धरून वाट पाहिली. ते काही बोलले नाहीत. बराच वेळ गेल्यावर तिने रेडिओ पुन्हा लावला, आणि आवाज किंचित वाढवला.