फोटो मिळाला, विनंती बंद

रणजितला मी बजावलं होतं, साच्यात काही बदलायचं तर आधी मला विचार. पण इंदापुरात कॉलेजच्या पोरांना कॉम्प्युटर शिकवणारा माणूस बारामतीतल्या फोटोवालीचं कशाला ऐकतोय?

आमचा विकी म्हणजे आमच्या भागातल्या जुन्या फोटोंचं, सगळ्यांनी मिळून चालवलेलं संकेतस्थळ. कुणीही यावं, घरातला जुना फोटो चढवावा, नाहीतर हव्या असलेल्या फोटोची विनंती टाकावी. कुणाला वडिलांच्या लग्नातला हवा असतो, कुणाला पाडलेल्या घराचा. फोटो मिळाला, किंवा मिळणारच नाही असं कळलं, की आम्ही ती विनंती बंद करतो. त्यासाठी एक साचा आहे, म्हणजे आधीच करून ठेवलेली पट्टी. त्याचं नाव पानावर टाकलं की करड्या रंगात दोनच शब्द उमटायचे, 'विनंती बंद'. मिळाला तरी तेच, नाही मिळाला तरी तेच.

मला ते दोन शब्द डोळ्यांत खुपायचे. अरे, माणूस मेलेल्या आईचा फोटो मागतोय आणि तू त्याच्या तोंडावर दार आपटतोस? कितीतरी दिवस मी रणजितच्या मागं लागले, तेव्हा कुठं गडी तयार झाला. ठरलं असं, की मिळाला तर हिरवी पट्टी, 'फोटो मिळाला, खाली जोडला आहे.' नाही मिळाला तर लाल, 'खूप शोधला, मिळाला नाही, माफ करा.' त्यातलं 'माफ करा' माझं. त्यावरूनही त्यानं वाद घातला. विकीवर माफी कोण मागतं म्हणे. मी मागते, म्हटलं.

रविवारी त्यानं घरी बसून परस्पर बदल करून टाकला. साच्याचं असं असतं, की तो एका जागी बदलला की जिथं जिथं वापरलाय तिथं तिथं आपोआप बदलतो. आणि जुन्या विनंत्यांवर मिळाला की नाही हे आम्ही लिहिलेलंच नव्हतं, लिहायला जागाच नव्हती. मग जिथं काही लिहिलेलं नाही तिथं काय दाखवायचं? तर या शहाण्यानं हिरवं ठेवलं. जुन्या झाडून सगळ्या विनंत्या हिरव्या झाल्या. मागणाऱ्यांच्या मोबाइलवर निरोपही गेले, फोटो मिळाला म्हणून.

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयागबाई स्टुडिओत आल्या तेव्हा कळलं.

प्रयागबाई नरसिंहपूरच्या. त्यांची पाठोपाठची तिसरी मुलगी, सासूनं तिचं नाव नकोशी ठेवलं. चौथीत असताना तापानं गेली. तिचा उभ्या जन्मात एकच फोटो निघाला होता, शाळेतला, सगळ्या वर्गाचा. तो माझ्या अब्बांनी काढला होता. ते तेव्हा लुनावरून शाळाशाळा फिरायचे. शाळेतली प्रत वाळवीनं खाल्ली. प्रयागबाईंच्या नातीनं, स्वरूपानं, विनंती टाकली तेव्हा मी अब्बांचे निगेटिव्हचे सगळे डबे उघडले. ओल लागून निगेटिव्ह एकमेकांना चिकटून त्यांच्या वड्या झाल्या होत्या. सोडवायला गेलं की चेहरे निघून यायचे. ती विनंती मी स्वतः बंद केली होती. रडले होते तेव्हा, खोटं कशाला सांगू.

आता त्याच प्रयागबाई नवी साडी नेसून, इंदापुरात एसटी बदलून माझ्यासमोर बसल्या होत्या.

"पोरी, घावली म्हणं माझी नकोशी. स्वरूपानं वाचून दावलं." त्यांनी पिशवीतून कागदात गुंडाळलेली फ्रेम काढली. "इंदापुरात घेतली. फोटो केवढा हाय त्ये म्हाईत न्हवतं, म्हणून मोठीच घेतली."

मी पान उघडलं. वर हिरवी पट्टी. खाली काही नाही. आतल्या खोलीत जाऊन रणजितला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलले.

"ताई, आत्ता लाल करतो. माझ्या लक्षातच आलं नाही," तो म्हणाला.

"पट्टी लाल करशील. ह्या बाईला काय सांगू?"

मी फोन कापला.

बाहेर आले, पाणी दिलं आणि सांगून टाकलं. "मावशी, फोटो न्हाय घावला. आमची चूक झाली. समद्यांच्याच विनंत्या हिरव्या झाल्यात."

त्यांनी फ्रेम पुन्हा कागदात गुंडाळली.

"काल शेजारणी येऊन बघून गेल्या," त्या म्हणाल्या. "सासूनं नाव ठिवलं, पर बोल मला लागला. आईलाच नकोशी व्हती, म्हणून पोरीचा एक फोटोसुदिक ठिवला न्हाय, आसं म्हणत्यात आजून. काल पयल्यांदा कुनी काय बोललं न्हाय. समद्यांचं लाल कर. माझं तेवढं ऱ्हाऊ दे."

"मावशी, खोटं हाय ते."

"म्हाईत हाय की. तुला म्हाईत हाय, मला म्हाईत हाय. झालं की मग."

माणसांना खरं काय ते नीट कळावं म्हणून मी त्या साच्यासाठी भांडले होते. आणि मीच त्यांच्या पानावर माझ्या हातानं 'मिळाला' असं लिहिलं. प्रयागबाई चहा न घेताच एसटीला गेल्या.

संध्याकाळी रणजितचा फोन. "ताई, सगळं नीट केलं. एक पान हिरवं राहिलंय, करू का लाल?"

"हात लावून बघ त्याला."

"अहो, पण खाली फोटो नाहीये."

"दिसतंय मला," म्हटलं आणि फोन आपटला.

पुढच्या आठवड्यात स्वरूपाचा फोन आला. पोरगी दहावीला आहे, गावातच शिकते. म्हणाली, "ताई, आजी रोज मला पान उघडाय लावती. आता वरच्या आळीच्या बायका बी येत्यात. आजी हिरव्या पट्टीखाली बोट ठिवून सांगती, फोटो हितं हाय, आपल्या गावात नेट पुरत न्हाय म्हणून उघडंना. तुमच्याकडं बारामतीत उघडतो का वं?"

"उघडतो की," मी म्हणाले.

"मग कशी दिसती वं आमची आत्या?"

पान माझ्यासमोरच उघडं होतं. हिरव्या पट्टीखाली नुसती पांढरी जागा.

"पोरी, तुझा आवाज येत न्हाय," म्हटलं आणि फोन ठेवला.