उसनं नाक

तूर्नूच्या स्टेशनात आमची गाडी रद्द झाली. संप. फलकावर आधी गाडीचं नाव दिसलं, मग उशीर दिसला, मग नावच पुसलं गेलं. मी बाकावर बसले आणि बूट काढले. लोक बघत होते, बघू देत. तीन दिवस फ्रान्सच्या द्राक्षमुलखात बोन गावापासून खाली खाली, दिसेल त्या स्टेशनाला थांबणाऱ्या गाड्यांतून हिंडून माझ्या पायांचे पाव झाले होते.

"बूट घाल गं," रेजिस म्हणाला. "कुणी ओळखीचं आलं तर?"

"आलं तर वास घेईल आणि पुढे जाईल. तुला काय त्रास? तुला तर येतच नाही."

हे मी बोलायला नको होतं, पण बोलले. रुळांपलीकडे टेकडीवर द्राक्षबागा होत्या, तो तिकडे बघत बसला.

रेजिस माझा नवरा. वाइनचा दलाल. बागायतदारांच्या तळघरांत जायचं, पिंपातली वाइन हुंगायची, चाखायची, थुंकायची, आणि मोठ्या व्यापाऱ्यांना फोन करून सांगायचं, ही घ्या, ती सोडा. ह्या धंद्यात कागद मागून येतो, आधी शब्द. आणि रेजिसचा शब्द म्हणजे त्याचं नाक. हिवाळ्यात त्याला ताप आला, उतरला, आणि उतरताना वास घेऊन गेला. नाक जागेवर आहे, चांगलं लांबलचक आहे, पण त्याला कॉफी कळत नाही, करपलेलं दूध कळत नाही. डॉक्टर म्हणाले, परत येईल किंवा येणार नाही. एवढं सांगायला डॉक्टर कशाला हवा?

कुणाला सांगायचं नाही असं ठरलं. म्हणजे त्याने ठरवलं, मी मान डोलावली. बिननाकाच्या दलालाला कोण विचारतो? "थोडे दिवस फक्त, सोलांज," म्हणाला. तेव्हापासून मी त्याचं नाक झाले. बेफाम गाडी हाकून त्याने लायसन्स आधीच घालवलेलं, मी कधी चालवायला शिकले नाही, म्हणून हे सगळं रेल्वेने. लोकांना वाटतं, म्हातारपणी जोडी हौसेने फिरतेय. एका बागायतदाराची बायको मला म्हणाली सुद्धा, "किती नशीबवान तुम्ही, नवऱ्याबरोबर द्राक्षांच्या मुलखातून गाडीने फिरताय!" मी म्हटलं, हो ना. डोंबलाचं नशीब. आयुष्यभर पोस्टाच्या खिडकीवर बसले, निवृत्त झाले, मला परसात घेवडा लावायचा होता.

आमच्या खुणा सोप्या होत्या. वाइन चांगली असली तर मी कोपराने हलकेच ढोसायचं. बिघडलेली असली तर त्याच्या पायावर पाय. बाकीचं तो सांभाळायचा. ढोसलं की डोळे मिटून म्हणायचा, "चेरी... काळी चेरी... आणि मागे जरासं चामडं." समोरचा खूश. इतकी वर्षं त्या त्या मळ्याची वाइन चाखलेला माणूस, आठवणीतून बोलायचा आणि बहुतेक वेळा बरोबर निघायचं. आधी मला हसू यायचं. मग यायचं थांबलं. माझं नाक बरं आहे, थोर नाही. दिवसाला सहा-सात तळघरं झाली की डोकं ठणकायचं. अत्तर तर मी लावूच शकत नव्हते, पावाला लसूण चोळायची सुद्धा चोरी. अगदी नाकी नऊ आले होते.

आणि आदल्या दिवशी कहर झाला. एका विधवा बाईंचं तळघर. पांढरी वाइन, अशी सुरेख की मला थुंकवेना. मी कोपर उचलणार एवढ्यात पोटरीत गोळा आला, पाय आपटला, तो थेट रेजिसच्या बुटावर. झालं! हा मान हलवून म्हणाला, "नाही बाई, ह्या वर्षी नाही जमायचं." त्या बिचाऱ्यांनी ग्लास धुवायला घेतले. मी ह्याला ढोसतेय, ढोसतेय, आणि ह्याला वाटतंय मी निघायची घाई करतेय.

गाडीत सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, उद्या फोन करतो. उद्या उजाडला, त्याने फोन केला नाही. काय सांगणार होता, बायकोच्या पोटरीत गोळा आला म्हणून तुमची वाइन नापास केली?

म्हणून त्या बाकावर मी विषय काढला. "रेजिस, बास झालं. आज आर्सेनकडे जातोय, त्याला सांगून टाक. जुना मित्र आहे."

"आर्सेनला? वेडी आहेस का? त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. रविवारपर्यंत सगळ्या खोऱ्यात बोंब होईल."

"होऊ दे."

"तुला होऊ दे म्हणायला काय जातंय? मग मी काय करू? घेवडा लावू?"

"घेवड्याने कुणाचं वाईट झालेलं नाही. तुझ्या एका शब्दावर लोकांचं वर्ष असतं रे. काल त्या बाईचं गेलं. आज कुणाचं?"

तो उठून फलक बघायला गेला. फलकावर काहीही नव्हतं.

दुपारी कधीतरी गाडी आली, अर्धं फ्रान्स त्यात कोंबलेलं. आम्ही दाराशी उभे. उतरल्यावर आर्सेनच्या घरापर्यंत चढ. ह्या द्राक्षवाल्यांना सपाटीवर राहायला काय होतं, कळत नाही.

"आलं, आलं, नवं जोडपं आलं!" आर्सेन अंगणातून ओरडला. त्याने माझ्या गालांना गाल लावले, रेजिसच्या पाठीत गुद्दा घातला. "काय रे, बायकोला बरोबर घेऊन हिंडतोस हल्ली. तिचा भरवसा उडाला वाटतं तुझ्यावरचा?"

"तो होता कधी?" मी म्हटलं.

तो हसला, पण त्याचं मन हसण्यात नव्हतं. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. बसा नाही, पाणी नाही, एकदम सुरूच झाला. उद्या सकाळी बाटल्या भरायचं यंत्र घेऊन ट्रक येणार. अर्धी पिंपं तळघरात, अर्धी वर कोठारात. ती सगळी एका टाकीत मिसळायची आणि भरायची. आणि त्याची मुलगी लूस म्हणते, तळघरातल्या वाइनला वास मारतो.

"वास! माझ्या वाइनला!" आर्सेन म्हणाला. "दोन वर्षं कॉलेजात काय गेली, नाकाने कांदे सोलायला लागली. मी रोज सकाळ-संध्याकाळ तिथे असतो, मला कसा येत नाही? काल भांडली आणि गेली मावशीकडे. जाताना म्हणते, बाबा, मिसळाल तर सगळंच घालवाल. मी म्हटलं, रेजिस येतोय, तो म्हणेल ते खरं. ती म्हणाली, कबूल."

रेजिसने माझ्याकडे बघितलं नाही.

तळघराच्या पायऱ्या उतरतानाच मला तो वास भेटला. कुबट. भिजलेला पुठ्ठा बंद खोलीत महिनाभर पडून राहावा तसा. खाली तर तो नाकातून घशात उतरला. मी रेजिसच्या पायावर पाय दिला, चांगला दाबून दिला. त्याने मान हलवली, समजलं.

पण आर्सेनचं नुसत्या मान हलवण्याने भागणार नव्हतं. तो आमच्याकडे पाठ करून पिंपापाशी खुडबुडला आणि दोन ग्लास घेऊन वळला. मग माझ्या आणि रेजिसच्या मधोमध येऊन उभा राहिला. केवढा तो देह! मला नवऱ्याचं नुसतं टक्कल दिसत होतं.

"एक खालची आहे, एक सकाळी वरून आणून ठेवलेली. कुठली कुठली, सांग. लूसचं खरं असेल तर तुला डोळे मिटूनही कळेल. दोन्ही सारख्या म्हणालास, तर उद्या मिसळतो."

रेजिसने डावा ग्लास फिरवला, नाकाशी नेला. उजवा नेला. पुन्हा डावा. घोट घेतला, थुंकला. त्याच्या जिभेला आता फक्त आंबट कळतं, हे मला ठाऊक होतं. मग तो बाजूला झुकला आणि आर्सेनच्या खांद्यावरून त्याने मला शोधलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्याने माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. बाजारात हात सुटलेलं मूल बघतं, तसा बघत होता.

लांब उभं राहायची वेळ आली तर खोकायचं, हेही आमचं ठरलेलं होतं. खोकले असते तर एक ग्लास वाईटच आहे हे त्याचं पक्कं झालं असतं, आणि कुठला ते त्याने ठोकून दिलं असतं. लागला तर लागला. खोकला माझ्या घशाशी आला होता. मी गिळला. मला राग आला होता, दया आली होती, आणि सगळ्यात जास्त म्हणजे मी दमले होते. तो चुकीचं बोलला असता तर मी तोंड उघडलं असतं. बहुधा.

रेजिसने दोन्ही ग्लास पिंपावर ठेवले.

"आर्सेन, मला वास येत नाही."

"कुठल्याला?"

"कशालाच. हिवाळ्यापासून. ताप आला आणि गेला. आतापर्यंत जे बोललो ते हिच्या नाकाने बोललो."

आर्सेन आधी हसला. मग त्याला कळलं की हा चेष्टा करत नाहीये. "म्हणजे मघाशी मी काय काय सांगत होतो, आणि तू मान हलवत होतास? उद्या मी सगळं मिसळलं असतं तर, हरामखोरा?"

"हो."

"मी तुझ्या भरवशावर पोरीला घालवली घरातून!"

"हो," रेजिस पुन्हा म्हणाला. त्याचा आवाज इतका खाली गेला होता की मला राहवेना, मी आर्सेनला ढकलून पुढे झाले.

"ओरडून झालं असेल तर ग्लास घे आणि वर चल. इथे मलाही काही कळायचं नाही, सगळ्या तळघरालाच वास मारतोय."

अंगणात उजेडात मी दोन्ही हुंगले. उजवा स्वच्छ. डावा तोच, कुबट. मी डावा आर्सेनपुढे धरला. त्याने नाक खुपसलं, म्हणाला, मला येत नाही.

"लगेच नाही येणार," रेजिस म्हणाला. "तू दिवसभर त्यातच असतोस, तुझं नाक मेलंय तिथे. थांब जरा. अंगण सोडू नकोस. तळघरात काय बदललंस ह्या वर्षी?"

"काही नाही. छताला तुळया घातल्या. एक गोदाम पाडत होते, स्वस्तात मिळाल्या."

"वाळवीचं औषध मारलेलं लाकूड असणार. ओल लागली की त्यातून हेच निघतं. आधी वाइनमध्ये उतरतं, मग घालवता येत नाही. वरची पिंपं वाचलीत, ती खाली आणू नकोस."

आर्सेन अंगणाच्या बुटक्या भिंतीवर बसून राहिला. आम्हीही बसलो. कोंबड्या फिरत होत्या. बऱ्याच वेळाने त्याने पुन्हा डावा ग्लास उचलला, हुंगला, आणि त्याचा चेहरा वाकडा झाला. त्याने वाइन दगडांवर ओतली. डोळे पुसले, नाक शिंकरलं, आणि खिशातून फोन काढून लूसला लावला. "ये घरी," एवढंच म्हणाला. ती काय म्हणाली माहीत नाही, पण तो बराच वेळ ऐकत होता.

निघताना त्याने रेजिसशी हात मिळवला नाही. माझ्या हातात मात्र चीजचं पुडकं कोंबलं. तो आता सगळ्यांना सांगणार हे आम्हा दोघांनाही कळत होतं. रेजिसने मग फलाटावरूनच त्या विधवा बाईंना फोन केला. आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं, पोटरीतल्या गोळ्यासकट. दुसऱ्या दलालाचं नाव दिलं, नंबर दिला. त्यानंतर फोन बंद करून टाकला.

गाडीत जागा मिळाली. उन्हं कलली होती, खिडकीबाहेर बागांच्या ओळी मागे मागे जात होत्या. मी आर्सेनचं चीज पावात घालून खाल्लं, वर कच्चा लसूणही चावला. आता मला कुणाची चोरी होती?

"संपलं," रेजिस म्हणाला.

"संपलं."

"मला वाटलं होतं जास्त दुखेल." तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "वाइनचं एक वेळ सोसेल गं. तापातून उठलो ना, त्या सकाळी डोळे मिटून पडलो होतो, आणि मला वाटलं शेजारी कुणी नाही. पलंग रिकामा. हात लावला तर तू होतीस. रोज सकाळी तसंच होतं. रोज हात लावून बघतो."

पहाटे त्याचा हात अंगावर पडायचा तेव्हा मी वैतागून कूस बदलायची. मला वाटायचं, झोपेत चाळवतोय मेला. इतके महिने मी ह्याला गावभरच्या पिंपांचे वास सांगत फिरले, आणि ह्याने हे एकदा तरी बोलावं की नाही?

"मूर्ख आहेस तू," मी म्हटलं. मला रडू येत होतं आणि त्याचाही राग येत होता. "सांगायचं नाहीस?"

"आता सांगतोय." त्याने डोळे मिटले आणि डोकं मागे टेकलं. "सांग ना. आज कसा येतोय?"

"कसला?"

"तुझा. खोटं नको, दलालाला सांगतात तसं सांग."

समोरच्या सीटवरची बाई मासिकात तोंड घालून ऐकत होती. ऐकू दे. मी मनगट नाकाशी नेलं, मग बाही, मग मान वाकवून कॉलर.

"घाम," मी म्हटलं. "सकाळचा आणि दुपारचा, दोन्ही. वरून लसूण, भरपूर. बाहीला आर्सेनचं तळघर."

"त्याच्या खाली?"

"साबण. नेहमीचाच, हिरवा."

"त्याच्या खाली?"

त्याचे डोळे मिटलेलेच होते. मी पुन्हा मनगट नाकाशी धरलं आणि नीट हुंगायला लागले.