नातेवाईक : कोणी नाही

"एकच माणूस आहे की दोन? पंधरा मिनिटं झाली, नुसती बघत काय बसलीस?" शेजारच्या टेबलावरच्या चष्मेवालीने विचारलं.

"बघते," मी म्हटलं.

आमचं काम एवढंच. वेगवेगळ्या दवाखान्यांतल्या नोंदी जोडीजोडीने पडद्यावर येतात. दोन्हीकडचा रुग्ण एकच असेल तर त्या एकत्र करायच्या, नसेल तर सोडून द्यायच्या. एकोणीस वर्षं मी ही लग्नं लावते आहे आणि अजून एकाही वऱ्हाडाने मला जेवायला बोलावलेलं नाही.

समोरच्या जोडीत डावीकडे आमचे हे होते. आमचा पत्ता, दोन वर्षांपासून रक्त पातळ करायची गोळी, जवळचे नातेवाईक : पत्नी. उजवीकडचा रुग्ण दुसऱ्या दवाखान्यातला. नाव तेच, पण पत्ता अर्धवट, जन्मतारीख चुकीची. मानेखाली गाठ, गुरुवारी ऑपरेशन, चालू औषधं नाहीत. नातेवाईक : कोणी नाही. फोन नंबर मात्र आमच्या घरचा जुना, बंद होऊन दहा वर्षं झालेला. तो मला झोपेतही पाठ आहे.

घरच्यांची नोंद आली तर ती साहेबांकडे द्यायची, असा नियम आहे. पण साहेबांकडचा ढीग तीन आठवड्यांचा आणि गुरुवार परवावर. ती गोळी चालू असताना चिरलं तर रक्त थांबत नाही, हे न कळायला मी काही दुधखुळी नाही.

मी 'एकच' दाबलं. औषधं आणि फोन नंबर दोन्हीकडचे राहतात. नातेवाईक मात्र एकच राहतो, शेवटी सांगितलेला. तसं केलं नाही तर नोंद तपासणीत अडकते. मी माझ्या हाताने 'पत्नी' काढलं आणि 'कोणी नाही' ठेवलं.

"जुळलं?" चष्मेवालीने विचारलं.

"जुळलं."

संध्याकाळी हे म्हणाले, "अगं, गुरुवारी दोन-तीन दिवस बाहेरगावी जायचंय. कामाचं आहे."

सासूबाईंच्या आजारपणात मी दोन वर्षं दवाखान्याच्या बाकावर काढली होती. तेव्हा हेच म्हणाले होते, "आता पुन्हा तुला इथे बसू देणार नाही." माणूस शब्दाचा पक्का; नोंदी जुळू नयेत म्हणून तिकडे गोळीसुद्धा लपवली. मला राग आला, रडूही आलं, पण बोलायची सोय नाही. पडद्यावरचं बाहेर सांगितलं की नोकरी जाते. मागच्या वर्षी एकीची गेली. खरं तर नोकरीचं निमित्तच. यांनी एवढ्या कष्टाने रचलेलं खोटं तोंडावर मोडायचा धीर मला झाला नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

मी बॅग भरली. डोक्यातून घालायचं काही ठेवलं नाही.

"टीशर्ट नाही दिलास?"

"शर्टच बरे. काढायला-घालायला सोपे."

यांनी वरच्या शर्टाचं बटण चाचपलं. मग म्हणाले, "बरं."

बुधवारी यांना फोन आला. गॅलरीत जाऊन हळू आवाजात बोलले आणि आत येऊन म्हणाले, "जायचं आठ दिवस पुढे गेलं."

"बरं झालं," मी म्हटलं. म्हणजे गोळी तिकडच्या डॉक्टरांच्या नजरेस पडली होती, आणि आता ती आधी बंद करायची होती. पुढच्या गुरुवारी काही कमीजास्त झालं तर मला कोणी कळवणार नाही, हेही मला माहीत होतं.

जेवणं झाल्यावर मी रोजच्यासारखी ती गोळी यांच्या हातावर ठेवली. यांनी मूठ मिटली.

"घेतो जरा वेळाने."

"घ्या," मी म्हटलं. पाण्याचा पेला भरून ठेवला आणि पाठ फिरवून भांडी आवरत राहिले, यांना ती खिशात टाकता येईल एवढा वेळ.