कॅसेटच्या पाठीवरचं नाव

कौतुक झालं तेव्हा कानाएला छान वाटलं होतं. पुढे तिला सगळ्यात जास्त टोचत राहिलं ते हेच.

विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या तळघरातल्या त्या खोलीत पुस्तकं नव्हतीच. होते ते जुने व्हिडिओ गेम. पिवळी पडलेली यंत्रं, वायरींची भेंडोळी आणि कप्प्याकप्प्यांतून उभ्या लावलेल्या कॅसेटी. लोक घरं आवरताना आणून द्यायचे. ते टिकवायचे, उद्या कुणाला अभ्यासाला लागले तर चालू स्थितीत हातात द्यायचे, हे कानाए तोगाशीचं काम.

कोबेच्या इसोगाई नावाच्या गृहस्थांनी पाठवलेली पेटी तिने एका दुपारी उघडली. कापसाच्या काडीला अल्कोहोल लावून कॅसेटीच्या तोंडातल्या धातूच्या पट्ट्या पुसायच्या, एवढंच खरं तर करायचं असतं. पण तिचा हात थांबला नाही. कॉलेजात असताना ती जुन्या खेळांच्या दुकानात कामाला होती. तिथे पाठीवर पोराचं नाव लिहिलेली कॅसेट आली की आधी नाव घालवायचं, मग ती काचेच्या कपाटात. दुसऱ्याच्या नावाचा माल कोण घेणार? अंगठ्याला लागलेली सवय ती. त्यात लेकीच्या बालवाडीतून फोन आला, कोहारूला ताप भरलाय, न्यायला या. घाईघाईत तिने कॅसेटी उलट्या केल्या आणि सगळ्यांच्या पाठींवरची पेनाची नावं पुसून टाकली. हात लावण्याआधी फोटो काढायचा नियम होता, तोही राहिला.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुख हिराइवा-सान एक कॅसेट दिव्याखाली धरून म्हणाले, "काय लखलखतायत हो! तोगाशी-सान, घरची भांडीही अशीच असतात का तुमची?"

"घरची कालपासून भिजत पडलीयेत," कानाए म्हणाली आणि दोघंही हसले. पेटी आली तेव्हा ते रजेवर होते. पाठीवर काय होतं ते त्यांनी पाहिलंच नव्हतं.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी ती कोहारूच्या वस्तूंवर नावं घालायला बसली. एप्रिलात पोरगी पहिलीत जाणार होती आणि शाळेचा निरोप होता, प्रत्येक वस्तूवर नाव हवं. प्रत्येक म्हणजे एकूण एक रंगीत खडू, गणिताची एकूण एक काडी, पुठ्ठ्याच्या घड्याळाचे काटेसुद्धा.

"आई, काडीवर कशाला गं नाव?"

"हरवली तर परत यावी म्हणून."

"काडी कशी चालत येईल?"

"कुणीतरी वाचेल ना, कोहारूची आहे म्हणून. आणून देईल."

"मग मोठ्ठं लिही. तू मुंगीएवढं लिहितेस."

"काडीच मुंगीएवढी आहे, बाईसाहेब."

कोहारू खिदळली. कानाएने पेन काडीवर टेकवलं आणि ते तिथेच राहिलं. शाईचा ठिपका मोठा होत गेला. कॅसेटींवरची ती नावंही अशीच लिहिली असणार. जेवणाचं टेबल पुसून, डोळे बारीक करून, शेजारी पोरगं लुडबुडत असताना. दुकानात तिने अशी किती नावं घालवली होती, पण तेव्हा ती कुणाची आई नव्हती. आता होती, तरीही हात तसाच चालला होता. तिचे कान तापले.

"आई, माझी काडी घाण केलीस!" कोहारू ओरडली.

सोमवारी सगळं सांगून टाकायचं ठरवूनच ती गेली. पण हिराइवा-सान आधीच खुशीत होते. "शुक्रवारी इसोगाई-सान येतायत, आईला घेऊन. नावं बघायची आहेत म्हणे, सगळी आईंच्या हातची. अर्धांगवायू झाल्यापासून आईंचा उजवा हात चालत नाही, त्यामुळे हे अक्षर तेवढं सांभाळा म्हणाले. मी म्हटलं, आमच्या तोगाशी-सान आहेत, काळजीच नको."

कानाएच्या तोंडून "हो" एवढंच निघालं.

बुधवारी खोलीत कुणी नव्हतं तेव्हा तिने काळं पेन काढलं. आपणच लिहून टाकू, कुणाला कळणार आहे? टोपणही काढलं. मग तिच्या ध्यानात आलं, ते अक्षर कसं होतं हेच आपल्याला आठवत नाही. गोल होतं की टोकदार, आडनावासकट होतं की नुसतं नाव? तिने ते पाहिलंच नव्हतं. नुसतं पुसलं होतं. तिने टोपण लावलं. आपण इथवर आलो याची तिला पहिल्याहून जास्त शरम वाटली.

शुक्रवारी चाकांच्या खुर्चीतून म्हातारी आली. मागे तिचा मुलगा मासानोबू इसोगाई, पन्नाशीला टेकलेला, कोट घडी करून हातावर घेतलेला. म्हातारीने डाव्या हाताने मिठाईचा खोका पुढे केला. "अगदी साधंसं आहे हं, लाजवू नका."

हिराइवा-साननी कॅसेटी मखमलीवर मांडल्या आणि कौतुकाने एक उलटी केली. मग दुसरी. त्यांचं हसू ओठांवरच थिजलं. त्यांनी कानाएकडे पाहिलं.

म्हातारी मात्र पुढे झुकली. "गेली? सगळी गेली? बघ मासानोबू! मी म्हणत नव्हते? एवढ्या मोठ्या विद्यापीठात असली बरबटलेली पाठवतं का कुणी? रात्र रात्र झोप नव्हती हो मला. हा मेला सगळ्या गल्लीला वाटून यायचा, म्हणून लिहायची मी. फार उपकार झाले बाई."

आणि तिने बसल्या जागी कानाएला वाकून नमस्कार केला.

सुटका समोर उभी होती. नुसतं "कसचं, कसचं" म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण मासानोबू एकेक कॅसेट उचलून उलटी करत होता, हलक्या हाताने. पुढच्या एखाद्या तरी पाठीवर नाव असेल, अशा आशेने. शेवटची त्याने खाली ठेवली आणि तिच्या कोऱ्या पाठीवर अंगठा तसाच राहू दिला.

"ती घाण नव्हती, आजी," कानाए म्हणाली. "ती नावं सांभाळायची होती. त्यासाठीच मला इथे ठेवलंय. मी चुकून पुसली असं म्हणणार होते, पण तसं नाही. मी ती बघितलीसुद्धा नाहीत." तिने टेबलाच्या कडेला कपाळ टेकेपर्यंत मान वाकवली.

"नाही, नाही, मनाला लावून घेऊ नका," मासानोबू म्हणाला. इतक्या रीतसर की पुढे बोलायला जागाच उरली नाही. त्याने अंगठा उचलला.

"अगं, रडतेस काय अशी!" म्हातारी गोंधळली. "पोराचं नाव तर होतं. तो उभाय की समोर." मग आवाज खाली आणून तिने विचारलं, "पण दोनदोनदा गिरवायचे हं मी, जाऊ नये म्हणून. खूप घासावं लागलं असेल ना गं?"

खोटं बोलायची तेवढी एक जागा उरली होती. हो म्हटलं असतं तर म्हातारी सुखावली असती.

"नाही," कानाए मान वर न करता म्हणाली. "लगेच गेली."

"हो का?" म्हातारी म्हणाली, आणि मांडीवरचा उजवा हात तिने डाव्या हाताने झाकून घेतला.