वन्संबरोबर बेचाळीस किलोमीटर

मी पळायला लागले ती तोंडामुळे. पायांचा त्यात काही संबंध नव्हता.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. लोकांचे आखडलेले खांदे आणि गुडघे बोटांनी चाचपून सैल करतात. डोळ्यांच्या पडद्याचा आजार त्यांना तिशीतच लागला. नजर कडेकडेने मिटत गेली आणि चाळिशी ओलांडताना पार गेली. पण पळणं त्यांनी सोडलं नाही. आमच्या भागात सकाळी पळणाऱ्यांचा एक गट आहे, ‘पळपुटे’. हे नाव त्यांनी स्वतःच घेतलंय आणि टी-शर्टवर मोठ्या अक्षरांत छापलंय. वन्सं त्यांच्यातल्याच. गटातला एक दंतवैद्य त्यांच्या शेजारून पळायचा. दोघांच्या मध्ये हातभर दोरी, दोन्ही टोकांना बोटं अडकवण्यापुरता गोल फास. रस्ता तो बघायचा, पळायच्या त्या.

मॅरेथॉन काही महिन्यांवर आली आणि दंतवैद्य दवाखान्याची पाटी पुसायला शिडीवर चढले. शिडी घसरली, घोटा मोडला.

गटाच्या कप्तानबाई संध्याकाळी आमच्याकडे आल्या. त्या पोस्टातून निवृत्त झालेल्या. उभा जन्म पायी टपाल वाटण्यात गेला, त्यामुळे बसल्या तरी त्यांचे पाय टेबलाखाली चालतच असतात. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी त्या, वन्सं आणि माझा नवरा असे तिघे चेहरे पाडून बसले होते. मी मागे भांडी घासत होते. घासता घासता सांगत होते की आज पार्लरमध्ये एका बाईने हट्टाने केस लाल करून घेतले आणि आरशात बघून स्वतःच किंचाळली.

“वेगाने पळणारे पुष्कळ आहेत हो माझ्याकडे,” कप्तानबाई म्हणाल्या. “पण पळता पळता बोलणारा नाही. यांच्या शेजारच्याला अखंड बोलावं लागतं. खड्डा आला, वळण आलं, पायरी आली, कुत्रं आडवं आलं. गप्प बसून चालत नाही.”

टेबलाशी शांतता पसरली. त्या शांततेत माझा एकटीचाच आवाज चालू होता, लाल केसांचं पुढे काय झालं ते. तिघांच्या माना माझ्याकडे वळल्या. वन्संचीसुद्धा.

“ही?” नवरा हसला. “बोलण्याचा प्रश्नच नाही, ही झोपेतही बोलते. पण पळणार कोण?”

तो हसला नसता तर मी कानावर हात ठेवले असते. पण याने नाक मुरडलं की माझ्या अंगात वारं शिरतं.

“मी पळेन,” मी म्हणाले.

“अरे देवा,” वन्सं म्हणाल्या. बस, एवढंच.

आम्ही एका छताखाली राहतो, पण आमचं कधी फारसं जमलं नव्हतं. भांडण नाही हं. मी शंभर वाक्यं बोलावीत तेव्हा त्यांचं एक यायचं, तेही बहुतेक “जरा हळू बोल” असं. मला वाटायचं त्यांना मी नकोशी आहे. त्यांना काय वाटायचं ते त्या सांगायच्या नाहीत.

पहिल्या दिवशी मी नवऱ्याचे जुने बूट घालून गेले. पळपुट्यांनी टाळ्या वाजवल्या. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत मी जी सुटले ती तिथेच खांबाला मिठी मारून उभी राहिले. छातीत भाता. वन्संना घामसुद्धा आला नव्हता.

“संपलं?” त्यांनी विचारलं.

“नाही,” मी म्हणाले, आणि मग चालतच राहिले.

त्या आठवड्यात मला पळणं आलं नाही, पण बोलणं मात्र रंगात आलं. समोरून पळत येणाऱ्या एका बाईची वेणी इतकी सुंदर होती की मी वन्संना तिचे पेड मोजून सांगू लागले. त्या नादात फुटपाथची पायरी सांगायची राहिली. वन्सं धाडकन पडल्या. दोन्ही तळवे सोलवटले, गुडघ्यातून रक्त आलं. त्या तळव्यांवर त्यांचं पोट होतं. मला रडू फुटलं.

वन्सं उठून बसल्या, रुमालाने गुडघा बांधला आणि म्हणाल्या, “तुझ्या तोंडाला ब्रेक नाही हे मला ठाऊक होतं. पण आधी काय सांगावं आणि मग काय, एवढंही कळू नये?”

“उद्यापासून मी येत नाही, वन्सं. मला नाही जमणार.”

“मी कुठे म्हटलं येऊ नकोस? आधी पाय, मग गप्पा. एवढं लक्षात ठेव. आणि रडायचं थांब, लोक बघत असतील.” मग जरा थांबून, “बघतायत का?”

“एक म्हातारे आजोबा बघतायत.”

“केस आहेत डोक्यावर?”

“औषधालाही नाहीत.”

वन्सं हसल्या. त्या मोठ्याने हसल्या की नाकातून शिटीसारखा आवाज येतो, हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं.

त्यानंतर मात्र गाडी रुळावर आली. “डावीकडे खड्डा, दोन पावलं, गेला. आता सपाट. समोर चढ, छोटा. त्या बेकरीवाल्याने मिशा काढल्या, ओठ केवढा मोठा निघाला बघा! सायकल, उजवीकडून, गेली.” असं माझं चालू. हळूहळू औषधाचं दुकान मागे पडलं, मग शाळा, मग नदीवरचा पूल. ज्या दिवशी मी पहिल्यांदा न थांबता पूल ओलांडला, त्या दिवशी मी पलीकडे जाऊन ओरडलेच. वन्संनी दोरीसकट माझा हात वर उचलला. पुलावरून जाणाऱ्या बसमधल्या लोकांना वाटलं असेल आम्ही काहीतरी जिंकलो. जिंकलोच होतो की!

पार्लरमध्ये दिवसभर उभी राहून माझे पाय संध्याकाळी ठणकायचे, ते आता ठणकेनात. मी गिऱ्हाइकांचे केस कापता कापता बुटांच्या तळव्यांवर भाषणं देऊ लागले. नवऱ्याने हसणं सोडलं. एका रविवारी आम्ही लांबचा पल्ला मारून घरी आलो, तर तो दारात पाण्याचे दोन तांबे घेऊन उभा. “ताई, ही खरंच पळली? सगळं अंतर?” त्याने बहिणीला विचारलं.

“पळली,” वन्सं म्हणाल्या. “आणि सगळं अंतर बोलली.”

मॅरेथॉनच्या दिवशी उजाडायच्या आधीच आम्ही सुरुवातीच्या कमानीशी उभ्या होतो. हजारो माणसं! बूट, घाम, मलमाचा वास, भोंग्यावरून कोण कोण काय काय बोलतंय. मी तिसऱ्यांदा बुटाची नाडी सोडून बांधली. कप्तानबाई सगळ्या पळपुट्यांच्या पाठीवर थापा मारत फिरत होत्या. दंतवैद्य कुबड्या घेऊन आले होते. त्यांनी माझ्याकडून नियम पुन्हा एकदा घोकून घेतले, “ओढायचं नाही. ढकलायचं नाही. शेवटची रेघ आधी त्या ओलांडणार, तू नाही.”

“काय दिसतंय?” वन्संनी विचारलं. दोरीचा फास त्या बोटांवर चढवत होत्या, काढत होत्या, पुन्हा चढवत होत्या. मी त्यांना कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

“डोकी,” मी म्हणाले. “वन्सं, इतकी डोकी आहेत की मला जन्मभर काम पुरेल.”

आणि बार झाला.

पहिले काही किलोमीटर आम्ही पळालो नाही, तरंगलो. दोन्ही बाजूंना माणसं ओरडत होती, टाळ्या, ताशे, खिडक्यांतून हात. त्या गोंगाटात वन्संना ऐकू जावं म्हणून मी बेंबीच्या देठापासून ओरडत होते. “वळण, उजवं! पाण्याचं टेबल, डावीकडे! पेले पडलेत, पाय उचला! एका माणसाने कोंबडीचा पोशाख घातलाय! नाही हो, खरंच कोंबडीचा!” वन्सं हसत होत्या आणि पळत होत्या. अर्धं अंतर कधी सरलं ते कळलंही नाही.

तिसाव्या किलोमीटरच्या पुढे घात झाला. मी “चढ” म्हणायला तोंड उघडलं आणि आत नुसती हवा. पुन्हा प्रयत्न केला. घशातून दाराच्या बिजागरीसारखा आवाज निघाला. माझा आवाज बसला होता. माझा! ज्या एका गोष्टीसाठी मला घेतलं होतं तीच ऐन वेळी दगा देऊन गेली. मी दोरी थोपवली. दोघी थांबलो. माणसं दोन्हीकडून पुढे जात होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कुणी आवाजवाला पळपुटा मागून येतो का म्हणून मी वळून वळून बघत होते.

वन्संनी माझ्या गळ्याला हात लावला, गळ्याच्या शिरा चाचपल्या, आणि त्यांना सगळं कळलं.

“आवाज गेला?”

मी त्यांचा हात धरून माझी मान होकारार्थी हलवली.

“दुसरं काही दुखतंय?”

नाही.

“मग रडतेस कशाला? दोरी आहे ना. तू माझ्या डाव्या हाताला आहेस. डावीकडे जायचं तर तुझ्याकडे हलकेच खेच, उजवीकडे तर हात हलकेच माझ्याकडे रेट. उंचवटा आला की वर उचल. थांबायचं तर खाली दाब. एवढं पुरे. तू बघ, बोलायचं मी बघते.”

आणि आम्ही निघालो. आणि वन्सं बोलू लागल्या.

मी काय सांगू! वीस वर्षांचं तुंबलेलं धरण फुटलं. हॉस्पिटलात कोण कुणाशी बोलत नाही आणि का. कुठल्या सिस्टरने कुणाच्या लग्नात कुणाची साडी नेसली. आणि ते मोठे सर्जन, ज्यांच्या दाट केसांचं मी पार्लरमध्ये सगळ्यांना उदाहरण द्यायचे, “केस असावेत तर असे!”

“टोप आहे तो,” वन्सं म्हणाल्या. “मान आखडली म्हणून माझ्याकडे आले होते. मी मानेवरून बोटं वर नेली, तर आख्खं डोकंच सरकलं. आता निवृत्त झालेत आणि स्वतःच सगळ्यांना सांगत हसतात, म्हणून तुला सांगतेय.”

मला किंचाळायचं होतं! कधी? कुठल्या रंगाचा? चिकटवतात की क्लिपा लावतात? आणि तोंडातून एक अक्षर निघेना. एवढी मोठी बातमी, आणि मी मुकी! पाय पेटले होते, मांड्यांचे दगड झाले होते, पण पुढची गोष्ट ऐकायची म्हणून मी पळत होते. डावीकडे खेच, वर उचल, रेट. वन्संची पावलं माझ्या हाताबरोबर अशी वळत होती की मध्ये दोरी आहे हेच मी विसरले.

मग एका लांब सरळ रस्त्यावर गर्दी विरळ झाली. नुसते बूट वाजत होते.

“ज्या सकाळी मला खिडकीसुद्धा दिसेना,” त्या म्हणाल्या, “तेव्हा मी अंथरुणातच पडून होते. उठायचं नाही असं ठरवलं होतं. आणि भिंतीपलीकडे तू फोनवर कुणाशी तरी कडाकडा भांडत होतीस. शाम्पूच्या बाटल्या गळक्या पाठवल्या म्हणून. केवढं भांडलीस ग! मी ऐकत राहिले. शेवटी बाटल्या बदलून मिळाल्या का ते कळायला उठून बाहेर आले.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या समोर तोंड करून पळत होत्या, गालांवर मिठाचे पांढरे ओघळ.

“तुला कधी सांगितलं नाही,” त्या म्हणाल्या. “तू बोलायची थांबत नाहीस, सांगणार कधी?”

हसावं की रडावं कळेना. मी दोन्ही केलं, आणि तेही आवाजाशिवाय.

शेवटचं वळण आलं. समोर लांबवर कमान दिसली, आणि दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती. आमचे टी-शर्ट वाचून लोक ओरडत होते, “पळपुटे! पळपुटे! पळा!” मी उरलासुरला घसा खरवडून वन्संच्या कानाशी एकच शब्द काढला.

“मोकळं.”

“सरळ?”

मी दोरी ताठ धरली.

वन्संनी जो वेग घेतला! शाळेत असताना त्या वाऱ्यासारख्या पळायच्या असं नवरा सांगायचा, मला ती बहिणीवरची माया वाटायची. आता दोरी ताणली गेली आणि मी अक्षरशः मागून फरपटत होते. ओढायचं नाही हा नियम मला होता, त्यांना नव्हता ना! डोकं मागे, दुसरा हात मोकळा, तोंडभर हसू. रेघेवर त्यांचं पाऊल आधी पडलं, माझं मागोमाग, आणि दोघी एकमेकींवर कोसळलो.

नवरा कठड्यावरून उडी मारून आला. त्याला काही बोलता येत नव्हतं. आमच्या घरात त्या दिवशी बोलणाऱ्या एकट्या वन्संच उरल्या होत्या. “अरे, पाणी दे हिला. आणि रडू नकोस, लोक बघत असतील,” त्या त्याला दटावत होत्या.

आम्ही फुटपाथवर पाय पसरून बसलो. पदकं गळ्यात. वन्संनी त्यांच्या पदकावरची अक्षरं अंगठ्याने वाचली, मग माझ्या पदकावरचीही, सारखीच आहेत ना म्हणून. एकेक पळपुटा येत गेला, लंगडत, हसत, कुणी अनवाणी. शेवटी फक्त कप्तानबाई राहिल्या. माणसं पांगू लागली होती, कमानीपाशी झाडू फिरत होते, आणि तेवढ्यात त्या वळणावर दिसल्या. टपाल वाटत आल्यासारख्या, एका चालीत, मान ताठ.

मी वन्संचा हात दाबला आणि कमानीकडे वळवला.

“आल्या?” वन्संनी विचारलं. भिंतीचा आधार घेत त्या उभ्या राहिल्या, दोन बोटं तोंडात घातली आणि अशी कडक शिटी मारली की झाडूवालेसुद्धा थबकले आणि टाळ्या वाजवू लागले.