परिशिष्टातलं मंद्रूप

चंद्रव्वाच्या शेंगा चटणीला सोलापूरच्या शुक्रवार पेठेत जाहिरात लागत नव्हती. सकाळी उखळाचा आवाज सुरू झाला की गल्लीला कळायचं, आज ताजी चटणी आहे. आता त्याच चटणीचं दुकान टेंभुर्णीला हमरस्त्यावर निघणार होतं. दिग्विजय नावाचा तिकडचा हॉटेलवाला चंद्रव्वाचं नाव लावून ते चालवणार होता. याला तिचा मुलगा मल्लेश फ्रँचायझी म्हणायचा, आणि गेला महिनाभर तो दुसरं काही बोलतच नव्हता.

करारनामा आधी फोनवर आला. मल्लेशने अंगठ्याने पानं वर सरकवली आणि ‘झ्याक हाय’ म्हणाला. त्याचे वडील गुरुसिद्धप्पा मात्र तो छापून घेऊन आले आणि चष्मा पुसून पहिल्या ओळीपासून बसले. एकतीस वर्षं त्यांनी वाचनालयात काढली होती. पुस्तक हातात घेतलं की शेवटची सूचीसुद्धा वाचायची, ही त्यांची खोड. घरात तिची चेष्टाच व्हायची.

“आप्पा, पुण्याच्या वकिलानं केलाय. त्यात तुमी काय चूक काढणार?”

“चूक नाही रे. बघतोय नुसतं.”

चौथ्या कलमात ते अडखळले. ‘सदर नाव व त्यावरील सर्व हक्क कायमस्वरूपी देण्यात येत आहेत.’ नवव्यात तर थांबलेच. ‘नाव देणारी व्यक्ती जाहीर करते की, सदर नाव सोलापूर जिल्ह्यात अन्य कोणीही वापरत नाही. तसे आढळल्यास तो वापर बंद करून देण्याची जबाबदारी तिची राहील.’

अन्य कोणी? त्यांची लेक सिद्धेश्वरी जिल्ह्यातल्याच मंद्रूपला दिली होती. चंद्रव्वाच्या माहेरची रीत अशी की लेकीच्या ओटीबरोबर एक उखळ जातं. चंद्रव्वाचं स्वतःचं उखळही तिच्या आईनेच दिलेलं. सिद्धेश्वरी दर आठवडी बाजारात बसायची आणि तिच्या डोक्यावरच्या फळीवर लिहिलेलं असायचं, ‘चंद्रव्वाची शेंगा चटणी’. वकिलाने मल्लेशला विचारलं होतं, शाखा किती? तो म्हणाला, एकच. खोटं बोलला नव्हता. लेकीच्या ओटीत घातलेल्या गोष्टीला या घरात कुणी शाखा म्हणत नव्हतं.

आपलंच काही चुकत असेल, असं गुरुसिद्धप्पांना वाटलं. कायद्याची भाषा वेगळी असते, आपण आपले पुस्तकी. दोन दिवस ते गप्प राहिले. मग काय बोलायचं ते आधी कागदावर लिहून काढलं आणि रेश्माला फोन लावला. ती त्यांच्या वाचनालयात बसून शिकलेली, आता कोर्टात वकिली करायची.

“काका, बरोबर वाचलंय तुम्ही,” रेश्मा म्हणाली. “नाव वापरायला देणं वेगळं आणि नाव देऊन टाकणं वेगळं. आणि नववं कलम तर धडधडीत खोटं ठरेल. सहीच्या आधी बोला.”

“मी बोलू?”

“मग कोण? वाचलंय कुणी?”

सहीच्या दिवशी दिग्विजय पेढे घेऊन आला. चंद्रव्वाने इरकल लुगडं नेसलं होतं. मल्लेशने पेन पुढे केलं. तिने टोपण काढलं आणि गुरुसिद्धप्पांनी कागदावर हात ठेवला.

“जरा थांब,” ते म्हणाले. आवाज बारीक निघाला, म्हणून पुन्हा म्हणाले. मग दोन्ही कलमं वाचून दाखवली.

“आप्पा, ह्ये आत्ता काढायचं व्हय?” मल्लेश चिडला.

दिग्विजय हसला. “काका, मंद्रूपच्या बाजारात चार किलो चटणी खपत आसंल. कोण बघतंय?”

“आज नाही बघणार. उद्या तुम्ही तिकडं दुकान काढलंत, तर तुमचाच माणूस हा कागद घेऊन तिच्यापुढं उभा राहील.”

चंद्रव्वाचं पेन हवेतच होतं. “म्हंजे माज्या सहीनं माजी लेक बाजारातनं उठंल?”

“व्हय,” गुरुसिद्धप्पा म्हणाले. एरवी ते ‘बहुतेक’ म्हणाले असते.

तिने टोपण लावलं. “मग ह्यो कागद चालायचा न्हाय.”

“मावशी, फर्निचर झालंय. बोर्ड रंगवलाय!”

“बोर्ड ऱ्हाऊ द्या की. कागद बदला.”

“अन् मी न्हाईच म्हणलो तर?”

“तर पेढे घेऊन जावा. मल्ल्या, डबा दे त्यांचा.”

मल्लेश जागचा हलला नाही. दिग्विजयने ती पानं ओढून घेतली आणि बोट ठेवून दोन्ही कलमं स्वतः वाचली. बहुधा पहिल्यांदाच.

“वकिलाला पैशे मी दिले,” तो शेवटी म्हणाला, “आन् वाचलं काकांनी.”

आठ दिवसांनी नवा कागद आला. नाव चंद्रव्वाचंच राहणार होतं. टेंभुर्णीत ते वापरायला पाच वर्षांची परवानगी होती, आणि चटणीत काही कमीजास्त केलं तर ती काढून घेता येणार होती. शेवटी एक परिशिष्ट जोडलं होतं. त्यात मंद्रूप होतं, सिद्धेश्वरीचं नाव होतं, आणि तिचा जुना वापर कुणालाही बंद करता येणार नाही, असं लिहिलं होतं.

चंद्रव्वाने कानडीत सावकाश सही केली. साक्षीदाराच्या ओळीवर बोट ठेवून मल्लेशने कागद वडिलांपुढे सरकवला. गुरुसिद्धप्पांनी तो पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला आणि मगच सही केली. त्या दिवसापासून गल्लीत कुणी टेंभुर्णीचं विचारलं की चंद्रव्वा दुकानाचं नंतर सांगायची. आधी म्हणायची, “आमच्यात वाचणारं माणूस हाय.”

पुढच्या बाजाराला गुरुसिद्धप्पा मंद्रूपला गेले. सिद्धेश्वरीने परिशिष्टाचं पान लॅमिनेट करून तराजूच्या वर टांगलं होतं.

“ह्ये काय गं?” एका गिऱ्हाइकाने विचारलं. “लायसन हाय का?”

“लायसन न्हवं,” चटणी तोलत सिद्धेश्वरी म्हणाली. “आमच्या आप्पांनी वाचून काढलंय त्ये. ते काय, तितं उभं हायत.”

गिऱ्हाईक वळून बघू लागलं. एरवी गुरुसिद्धप्पा गर्दीत मागे सरले असते. आज ते होते तिथेच उभे राहिले.